दोन ठोके

"अहो, कांद्यानं माना टाकल्या! पाण्याची पाळी आपली, आणि तुम्ही उंबऱ्यात बसून काय करताय?" घुम्याची बायको हातातलं खुरपं आपटून विचारत होती.

घुम्या गप्प. बोलका असता तर त्याला घुम्या कोण म्हणालं असतं? कामाला वाघ, पण चार माणसांत गेला की जीभ टाळ्याला चिकटायची. वाटेत कुणी दिसलं की हा उगाच चप्पल नीट करायला वाकायचा.

त्याला सांभाळून घेणारा एकच, वरच्या शेतातला दादा. दोघांत एक पाट. आपलं भिजवून झालं की दादा फावडं दगडावर दोनदा ठोकायचा. खालून घुम्यानं एक ठोका दिला की मगच पाणी त्याच्याकडे वळवायचा. मध्ये उंच मका, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नसे, आणि घुम्याला ते बरंच होतं.

गेल्या महिन्यात छातीत कळ येऊन दादा गेला. घुम्या मातीला सगळ्यांच्या मागे उभा राहिला. पुढं वहिनीला भेटायला दोनदा निघाला आणि दारातल्या चपला बघून दोन्ही वेळा परतला. काय बोलायचं? 'वाईट झालं' म्हणावं, तर ते तिला ठाऊक नव्हतं काय?

आणि परवा सकाळी धुक्यात, मक्यापलीकडून दोन ठोके आले. घुम्या फावडं टाकून पळाला.

"दादाच आहे गं," तो शेवटी बायकोला म्हणाला. "कालही ठोकत होता. थांबतो, परत ठोकतो. मी त्याच्या घरी गेलो नाही, त्याचा जाब विचारतोय."

"मग द्या की जाब! जिवंतपणी ज्यानं तुम्हाला जीव लावला, तो मेल्यावर काय खाणार आहे?"

घुम्या निघाला. धुकं दाट होतं, पायाखालची ढेकळंही दिसत नव्हती. बांधाशी पोचतो न पोचतो तोच, ठक ठक. त्यानं परवा टाकलेलं फावडं चाचपून उचललं, डोळे मिटले आणि दगडावर एकदा ठोकलं.

थोड्या वेळानं पाटातलं गार पाणी त्याच्या पायाला लागलं. मक्यापलीकडून रडणं ऐकू आलं, बाईमाणसाचं.

आता पळायला वाट होती, पाणीही मिळालं होतं. पण घुम्या पानं बाजूला सारत मक्यात घुसला. पलीकडे वहिनी उभी होती, चिखलात, दादाचं फावडं धरून.

"भावजी, परवापासून ठोकतेय," ती म्हणाली. "हे सांगायचे, तो बोलत नाही, त्याला ठोकूनच कळवायचं. उत्तर येईना. तुम्हाला दारातून परत जाताना पाहिलं होतं. वाटलं, तोडलं आम्हाला. आज तुमचा ठोका आला आणि क्षणभर वाटलं, हेच खाली उभे आहेत."

घुम्या महिनाभर मनात घोकलेलं सगळं विसरला.

"पाणी... पोचलं," तो म्हणाला. "वहिनी, मला येताच आलं नाही. शब्द सापडेनात. दादाची फार आठवण येते."

वहिनी बांधावर बसली. "बसा. त्यांचं नाव काढायलाच कुणी येत नाही आता. पहिल्यांदा तुम्ही कसे भेटलात, ते तरी सांगा."

घुम्या बसला. अडखळत, थांबत सांगू लागला.

बऱ्याच वेळानं खालून बायकोची हाक आली, "अहो, वाफे फुटले! पाणी बांधावरून चाललंय! काय करताय तिकडे?"

"बोलतोय!" घुम्या ओरडला.