लशीच्या पेटीचा पाहुणचार

मित्रांनो, मी लशी वाहणारी जुनी निळी पेटी. माझ्या झाकणावर एकावर एक चार मदतसंस्थांची नावं चिकटवलेली आहेत. आमच्या अफगाणिस्तानात लढाई संपत नाही आणि संस्था टिकत नाही. एकीचा करार संपला की दुसरी येते, जुन्या नावावर आपलं नाव चिकटवते आणि काम पुढे चालू. पेटी मात्र तीच, आणि मला खांद्याला अडकवून डोंगर चढणारा, पोरांना लस टोचणारा खालिकदादही तोच.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाड भिंती, घट्ट झाकण, आत बर्फाच्या चपट्या बाटल्या. रूपाने मी अगदीच ठोकळा, पण भर उन्हाळ्यातही माझ्या पोटातली लस गार राहायची. वाटेत बंदूकवाले अडवायचे.

"ह्यात काय आहे रे?"

"तुमच्याच पोरांची लस. झाकण उघडू नका, गारवा जातो," खालिकदाद बेधडक सांगायचा. दोन्ही बाजूंच्या बंदूकवाल्यांना पोरंबाळं होती. ते सोडून द्यायचे. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला भारी अभिमान वाटायचा!

एका हिवाळ्यात खालच्या खोऱ्यात गोवर पसरला. वरच्या गावात तो पोहोचण्याआधी आम्हाला पोहोचायचं होतं. गावचा पुढारी सखीदाद, त्याला सगळे अरबाब म्हणत. त्याच्या घरी आम्ही शिरलो आणि बर्फ पडू लागलं. त्याची सून सब्जा लेकीला, अनारगुलला, कडेवर घेऊन दारातच उभी होती. तिचा पहिला मुलगा गोवरानेच गेला होता.

"सुई आत्ताच टोचा ना," ती म्हणाली.

"बाटली एकदा उघडली की लगेच संपवावी लागते, ताई. सकाळी सगळ्यांनाच टोचू. पहिली तुमची अनारगुल," खालिकदादने समजूत घातली.

आमच्याकडे पाहुण्याला घरातली सगळ्यात ऊबदार जागा देतात. ती म्हणजे संदली. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर बुटकं मेज आणि मेजावर भलीमोठी गोधडी. खालिकदाद हातपाय धुवायला गेला, तेवढ्यात सब्जाने मला दाराजवळून उचललं.

"एवढ्या लांबून आमच्या पोरांसाठी आलीस, आणि तुला गारठ्यात ठेवू होय?" असं म्हणत तिने मला गोधडीखाली, थेट शेगडीला खेटून ठेवलं. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं! दमलेला खालिकदाद पलीकडच्या बाजूला जेवला आणि तिथेच कलंडला. मी दाराशीच आहे असं त्याला वाटलं.

सकाळी बाया पोरांना घेऊन जमल्या. खालिकदादने मला शोधून झाकण उघडलं. बर्फाच्या बाटल्यांत ऊन ऊन पाणी होतं. त्याचा चेहरा पडला. ऊब लागून सगळी लस निकामी झाली होती.

"अरे, टोचून टाक," अरबाब हळूच म्हणाला. "बाया बर्फ तुडवत आल्यात. कुणाला कळणार आहे?"

"गोवर आला की सगळ्यांना कळेल. मग मला दार कोण उघडेल, अरबाब?"

"माझ्याच हाताने मी..." सब्जा माझ्याकडे बघत पुटपुटली.

"चूक माझी, ताई. मी सांगायला हवं होतं. मी परत येतो."

"सगळेच येतो म्हणतात!" अरबाब फणकारला. "संस्था येते, फोटो काढते, जाते."

खाली आलो तर कचेरीला कुलूप. जुन्या संस्थेचा करार संपला होता आणि नवी अजून आली नव्हती. पहारेकरी म्हणाला, "घरी जा खालिकदाद. आता तू कुणाचाच माणूस नाहीस."

तो घरी गेला नाही. मला घेऊन पुलापलीकडच्या दवाखान्यात गेला. तो वेगळ्याच संस्थेचा होता. तिथल्या नर्सबाईंनी मान हलवली. "तू आमचा नाहीस, पेटी आमची नाही, ते गाव आमच्या हद्दीत नाही."

"बरोबर आहे बाई. पण हे गोवराला कोण समजावणार?"

बाईंनी लशीचं थंड कपाट उघडलं. लस आणि बर्फ घालून त्यांनी मला भरलं.

पण बर्फाने वाट अडवली. ती मोकळी व्हायला बरेच दिवस गेले. आम्ही पोहोचलो त्याच्या आदल्या दिवशीच गावातल्या विणकराचा धाकटा मुलगा गोवराने गेला होता.

सब्जा पुढे आली. "पेटी कुठे ठेवू? तुम्ही सांगाल तिथे ठेवते," एवढंच ती म्हणाली. अनारगुलला सुई मिळाली. मग विणकराच्या बायकोने आपली उरलेली मुलगी आणली. सब्जाला मान वर करवेना. त्या बाईने मुलगी तिच्याच मांडीवर दिली आणि म्हणाली, "धर हिला नीट. हलली तर सुई लागेल." सब्जाने तिला घट्ट धरलं. मला फार वाईट वाटलं, दोघींसाठीही.

आता माझं झाकण तडकलं आहे आणि मी अडगळीत पडून असते. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, सब्जाच्या मायेत काही खोट नव्हती. तुमच्याही मायेत नसेल. तरीही कुणाची वस्तू, कुणाचं आजारपण, कुणाचं बाळ सांभाळायला घ्याल, तेव्हा आधी विचारा, हे कसं जपायचं? विचारायला लाजू नका, आणि ज्याला माहीत आहे त्याने सांगायला विसरू नका. विणकराचा तो मुलगा आज तुमच्याएवढा असता.