पेन्सिल, घोडा, साबण, खिडकी, लिंबू

गोदामात शिरलं की आधी माणसं दिसत नाहीत, फळा दिसतो. पुरुषभर उंच, हिरवागार, आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘अपघाताविना दिवस’. खाली आकडा. त्या सकाळी तो दोनशे एक्याण्णव होता. तीनशे झाले की मुख्य कार्यालयाकडून ढाल मिळायची होती. ती टांगण्यासाठी सुरक्षा अधिकाऱ्याने केबिनमध्ये खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

आता, दोनशे एक्याण्णव दिवसांत तिथे कुणाला काही झालंच नाही असं नाही. बोटं चेमटली, पाय मुरगळले, टाळकी शेकली. पण नियम असा की जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला, तर तो अपघात नव्हे, ‘किरकोळ घटना’. त्यामुळे माणसं हजर होत. लंगडत, कण्हत, पण होत. आणि ती कामाला योग्य आहेत असं सांगणाऱ्या कागदावर आरोग्य कक्षात बसणारी डॉक्टरबाई सही करी.

रोज सकाळी तीन तास ती त्या कक्षात बसे. एक खाट, एक वजनकाटा, एक टेबल, आणि भिंतीवर ‘आधी सुरक्षा’ अशी पाटी, तीही एका खिळ्यावर तिरपी लोंबणारी.

साडेदहाला सुरक्षा अधिकारी ‘सूतभर’ला घेऊन आला. सूतभर म्हणजे गोदामातला सर्वांत जुना फोर्कलिफ्टचालक. दोन रॅकांच्या मधून माल काढताना “सूतभर जागा असली की पुरे” असं म्हणायचा आणि खरोखरच काढायचा, म्हणून हे नाव. आदल्या दुपारी वरच्या फळीवरून एक खोकं घरंगळून त्याच्या डोक्यावर आलं होतं. शिरस्त्राण होतं म्हणून कवटी वाचली. तरी अर्धं मिनिट तो जमिनीवर डोळे उघडे ठेवून पडला होता, आणि हाक मारली तर ओ देत नव्हता.

“मॅडम, फॉर्म मी भरूनच आणलाय,” अधिकारी म्हणाला. “तुमचा वेळ कशाला घ्या? फक्त सही. अकराला याला गाडीवर बसायचंय.”

“तपासणीही तुम्हीच केलीत का? मग सहीही करून टाकायची.”

“मॅडम म्हणजे ना!” तो हसला. तो नेहमीच हसायचा. हसणं त्याच्या गणवेशातच समाविष्ट असावं.

त्यांच्या मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, सूतभरची बायको आत आली. ती खाली पॅकिंगच्या टेबलावर होती. फोर्कलिफ्टची वाट जिथे संपते तिथेच ती टेबलं, आणि तिथे चाळीस बायका पाठ करून उभ्या असतात.

“तुमचं काय काम इथे?” अधिकाऱ्याने विचारलं.

“नवरा माझा आहे,” ती म्हणाली, आणि दाराला टेकून उभी राहिली.

हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. मेंदूला हिसका बसला तर बहुधा काहीच दिसत नाही. मग त्याची तोंडी चौकशीच करावी लागते. डॉक्टरबाईने सुरुवात केली. डोकं दुखतं का? उजेड सहन होतो का? मळमळ?

“काही नाही,” अधिकारी म्हणाला.

“तुम्हाला नाही विचारलं.”

“काही नाही,” सूतभर म्हणाला. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता आणि तरीही डोळे बारीक करत होता.

“सकाळी दोनदा उलटी झाली,” बायको दारातून म्हणाली. “एकदा तर फाटकापाशी.”

“उन्हाने होतं, मॅडम,” अधिकारी म्हणाला.

“सकाळी आठ वाजता?”

अधिकाऱ्याचा फोन वाजला. तो कोपऱ्यात जाऊन कुणाला तरी ढालीची मापं सांगू लागला. डॉक्टरबाईने टेबलावरचं लॅमिनेट केलेलं पान उचललं.

“मी पाच शब्द सांगते. ऐका आणि मग म्हणून दाखवा. पेन्सिल...”

“घोडा,” सूतभर पुटपुटला.

ती थांबली. त्याने जीभ चावली आणि तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघू लागला.

डॉक्टरबाईने पान पालथं ठेवलं. छातीत काहीतरी हळूहळू तापायला लागलं होतं, पण आवाज तिने थंड ठेवला. “चुकून जुनं पान घेतलं. हे ऐका. पंखा, चमचा, दोरी, बदक, कुलूप.”

“पंखा, चमचा,” तो म्हणाला. बऱ्याच वेळाने, “कुलूप.”

“ठीक. थोड्या वेळाने परत विचारीन. आता वर्षाचे महिने उलटे म्हणा. डिसेंबरपासून.”

डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. ऑगस्टपाशी तो अडकला, मग तिथूनच वळून सप्टेंबर, ऑक्टोबर असा पुन्हा चढत गेला, आणि डिसेंबर आल्यावर झालं एकदाचं, अशा चेहऱ्याने थांबला. बायकोने ओठ दाबून धरले.

मग तोल. फरशीच्या सांध्यावर एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला अंगठा लावून, हात कमरेवर, डोळे मिटून, वीस सेकंद. तेरा वर्षं दोन रॅकांमधून सूतभर जागेत माल काढणारा माणूस त्या सांध्यावर चार सेकंद टिकला. पाचव्या सेकंदाला तो वजनकाट्यावर गेला, आणि काट्याने इमानेइतबारे त्याचं वजन दाखवलं.

“फरशी निसरडी आहे,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

तिने त्याला बसवलं, पाणी दिलं, डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या, बोट डावीकडून उजवीकडे नेलं. एवढ्यात दहा मिनिटं झाली. अधिकारीही फोन संपवून परत आला.

“आता मघाचे पाच शब्द सांगा.”

सूतभर ताठ बसला. हा भाग त्याला येत होता. “पेन्सिल, घोडा, साबण, खिडकी, लिंबू.”

“पाचपैकी पाच!” अधिकाऱ्याने टाळी वाजवली. “लिहा मॅडम, पाचपैकी पाच!”

बायको दारापासून पुढे आली.

“अहो,” बायको हलकेच म्हणाली, “पंखा म्हणाल्या त्या. बदक म्हणाल्या.”

“कधी? काहीतरीच काय बोलतेस!” तो तिच्यावर खेकसला. कुणावरही आवाज चढवून बोलणाऱ्यांतला तो नव्हता. बायकोचा चेहराच ते सांगत होता. “बदकबिदक कोण म्हणालं? घोडा म्हणाल्या!”

डॉक्टरबाई अधिकाऱ्याकडे वळली. “तुम्ही फोनवर होतात. पाचपैकी पाच बरोबर आहेत हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हणजे... ते सगळ्यांनाच माहीत आहे, मॅडम. कॅन्टीनमध्ये पाठ करून घेतो आम्ही. माणसं घाबरतात, म्हणून थोडी तयारी. शाळेत नाही का, परीक्षेआधी?”

तिला अधिकाऱ्याचा राग आला, यात नवल नव्हतं. पण त्याहून मोठा राग स्वतःचाच होता. तपासणीच्या पुस्तिकेत सहा याद्या होत्या. चार वर्षांपूर्वी पहिलं पान चहाने खराब होतंय म्हणून तिने ते लॅमिनेट करून घेतलं, आणि पुस्तिका कपाटात गेली. चार वर्षं तिने माणसांचे मेंदू तपासले नव्हते, चोपडं पान वाचून दाखवलं होतं. चोरांना किल्ली कुणी दिली म्हणून ओरडायची सोय नव्हती. किल्ली तिने स्वतः, तीही पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दाराबाहेर टांगली होती.

तिने फॉर्म ओढला, ‘योग्य’ या शब्दावर अशी रेघ मारली की कागद फाटला, आणि फोनवरून रुग्णालयाची गाडी मागवली.

“बाई, तेरा वर्षांत गाडी एकदा घासली नाही मी,” सूतभर म्हणाला. आता त्याचा आवाज लहान झाला होता.

“म्हणूनच. आज घासली असती. खाली तुमची बायको पाठ करून उभी असते.”

त्याने बायकोकडे पाहिलं. मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे.

गाडी दोघांना घेऊन गेली, तसा अधिकारी जवळ आला. “मॅडम, आपण ही आजारपणाची रजा टाकू. उलट्या म्हणजे पोटाचंच झालं की. नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे.”

ती खाली उतरली. हातात स्पिरिटचा बोळा होता. फळ्यापाशी जाऊन तिने दोनशे एक्याण्णव पुसलं. पॅकिंगच्या बायकांचे हात थांबले.

“आकडा बदलायचा अधिकार फक्त माझा आहे!” अधिकारी मागून ओरडला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

“तर मग बदला. मी उभी आहे.”

चाळीस बायका बघत होत्या. त्याने खडू घेतला आणि शून्य काढलं. तेही वाकडं आलं.

वर येऊन डॉक्टरबाईने कपाटातून फाइल काढली. चार वर्षांतले डोक्याच्या माराचे एकोणीस कागद. एकोणिसांवर पाचपैकी पाच, आणि एकोणिसांवर तिच्याच हातची वळणदार सही. ती सही बघून तिला शिसारी आली. तिने पुस्तिकेतली उरलेली पाचही पानं सुटी केली आणि पहिलं नाव खाली कळवलं.

सफाईवाल्या मावशी आल्या. दीड वर्षापूर्वी जिन्यावरून पडल्या होत्या. हात पुसत खुर्चीवर बसल्या आणि काही विचारायच्या आत घडाघडा म्हणाल्या, “पेन्सिल, घोडा, साबण, खिडकी, लिंबू.”

“ते राहू द्या, मावशी. डोकं दुखतं का?”

मावशींनी आधी दाराकडे पाहिलं. मग उठून स्वतःच दार लावून घेतलं.