भुशाखाली मला जाग आली

मंडळी, मी धनुर्वाताचा जंतू बोलतोय. दचकू नका, बसा. अंगावर धावून येणाऱ्यांतला मी नव्हे. माझ्याइतका आळशी जीव शोधून सापडायचा नाही.

जन्म घोड्याच्या आतड्यातला. लिदीबरोबर तबेल्याच्या मातीत पडलो. हवेशी माझं हाडवैर, म्हणून जाड कवच पांघरून झोपलो. घोडे गेले, मालक बदलले; मी आपला तुळईतल्या एका खिळ्याला चिकटून घोरतोय.

पुढे तबेला पाडला. जुनं लाकूड एका सुतारानं घेतलं. खिळे उपटताना माझा खिळा त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी खोल शिरला. पाठोपाठ मीही.

तेव्हाही सगळं निस्तरण्यासारखं होतं. पण या सुताराच्या घरची रीत न्यारी. लाकूड चिकटवायच्या सरसात चिमूटभर भुसा कालवायचा आणि जखमेत दाबून बसवायचा. रक्त थांबतं, काम थांबत नाही.

बायको म्हणाली, "अहो, इंजेक्शन घेऊन या की!"

"एवढ्याशा भोकाला? माझ्या बापानं जन्मभर हेच केलं."

"तुम्ही काय लाकूड आहात?"

"माझं डोकं लाकडाचं आहे, असं तूच म्हणतेस ना!" तो हसला आणि रंधा मारायला लागला.

इकडे आतली हवा बंद झाली. मला तेच हवं होतं. मी जागा झालो.

मी मांस खात नाही, शरीरभर हिंडतही नाही. जखमेत बसल्या जागी वाढतो आणि विष सोडतो. ते मज्जातंतूंच्या वाटेनं पाठीच्या कण्यापर्यंत चढतं आणि स्नायूंना 'सैल हो' सांगणारा निरोप अडवतं. आवळण्याचा हुकूम पोचतो, सोडण्याचा पोचत नाही.

आठवड्याभरानं जेवताना त्याचा जबडा उघडेना. "चला, घरात जरा शांतता!" बायको म्हणाली. मग त्याचे डोळे पाहिले आणि तिच्या हातातलं ताट खाली आलं.

दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. दार वाजलं तरी पाठीची कमान व्हायची. शुद्ध मात्र लख्ख जागी. डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली, औषधं दिली. पण मज्जातंतूंत रुतलेलं विष उपटता येत नाही.

"बाई, त्यांना हात लावू नका," परिचारिका कुजबुजली. "स्पर्शानंही झटका येतो."

मग बायको स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसून राहिली. तो तिच्याकडे बघत होता. बोलायचं होतं त्याला. जबडा माझ्या ताब्यात होता.

आणि मला काय मिळालं म्हणता? शून्य. त्याच्या मरणानं माझं पोट भरत नाही, की दुसरं घर मिळत नाही. असा आतबट्ट्याचा व्यवहार मूर्खसुद्धा करणार नाही, पण मला थांबता येत नाही. मातीत माझी भावंडं झोपलेली आहेत, ती संपायची नाहीत. तेव्हा जखम धुवा, टोचून घ्या, दडपून बंद करू नका. हे मी सांगतोय खरा, पण 'एवढ्याशानं काय होतंय' म्हणणारा आम्हाला रोज कुठे ना कुठे भेटतोच.

दुपारी त्याच्या छातीचे स्नायू आवळले, ते सुटलेच नाहीत. डॉक्टर बाजूला झाले. परिचारिकेनं बाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता धरा त्यांचा हात," ती म्हणाली.