कोऱ्या कापडाचा श्वास

“सरस म्हणजे जनावराचं कातडं उकळून केलेला डिंक, वनमाला. वाफ लागली की मऊ पडतो, तो लावून ताणलेलं कापडही सैल होतं. मुंबईत ॲक्रिलिकचं अस्तरच लाव.”

कलाशाळेतल्या हरेश्वर सरांची ही ताकीद निवृत्त चित्रकला शिक्षिका वनमालाबाईंना भर आरतीत आठवली.

मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीचा हॉल तुडुंब भरला होता. समोर कॅनव्हासवर रंगवलेली देवी, तिच्यामागे वाफाळत्या ‘तीर्था’चं घंगाळ, आणि पडद्याआड मान फिरवणारा पंखा, तीर्थाला उकडू नये म्हणून असेल. आरती रंगात आली की चित्र श्वास घेई. श्वासानंद महाराज कांदा-लसूण खाल्लेल्यांना दारातूनच परत पाठवत. देवी कडक सोवळ्यातली.

शेजारची लता रोज पहिल्या रांगेत. महाराजांनी तिला समजावलं होतं, “इन्सुलिन म्हणजे टोचून घेतलेली शंका.” तिनं सुई बंद केली आणि पायाची जखम चिघळू लागली.

“काकू, एवढे उपास करता, आणि देवीवर विश्वास नाही?”

“देवीवर आहे गं. पंख्यावर नाही.”

शेवटी लता म्हणाली, कोरं कापड असं हललं तर येईन डॉक्टरकडे. वनमालाबाईंनी शब्द दिला, मग मीच नेईन तुला, लगेच.

मंगळवारी त्या उपाशीपोटी दोन कोरे कॅनव्हास घेऊन आल्या. तीर्थाची वाफ लागून पावन होऊ देत, म्हणाल्या. महाराज खूश. स्वतःच्या हातांनी त्यांनी ते देवीच्या दोन्ही बाजूंना ठेवले.

आरती संपत आली तसं डावं कापड फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं. उजवं ढिम्म.

“यार, त्याच्यावर तर देवीच नाहीये,” सेक्रेटरी केतन पुटपुटला.

“शक्ती पसरते, बालका.”

“उजवीकडे वाट चुकली वाटतं,” वनमालाबाई हळूच म्हणाल्या. “उजव्याला ॲक्रिलिक लावलंय, महाराज, डाव्याला सरस. तुमचं चित्र डाव्यासारखंच वागतंय. कांदा दाराबाहेर आणि कातडं देव्हाऱ्यात, असं कसं?”

केतननं पडदा सारून पंखा बंद केला. देवीनं आणि कोऱ्या कापडानं एकदमच श्वास सोडला. महाराजांनी मात्र रोखून धरला.

देवीला हात जरूर जोडावेत. डोळे मिटायलाही हरकत नाही. पण उघडल्यावर पडद्यामागे काय आहे ते बघावं, आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नये. श्वासाची गरज देवीला नाही, आपल्याला आहे.

लता मान खाली घालून बसली होती. वनमालाबाई उपास सोडायला थांबल्या नाहीत. रोजच्या वाचनाची पोथी त्यांनी पिशवीत घातली, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वाचता येईल म्हणून. लताला हाताला धरून उठवलं, आणि तिच्या पावलानं, सावकाश, त्या रिक्षाकडे निघाल्या.