लपण

जावयाने लपणाचं लाकडी दार हळूच लोटलं आणि सासूबाईंना आधी आत जाऊ दिलं. पक्षी-प्राणी लपून बघायला पाणथळीकडे तोंड करून बांधलेली अरुंद खोली; भिंतीत डोळ्यांच्या उंचीला एक लांबट फट, फटीसमोर बाक. आत बोलायचं नाही, असं रखवालदाराने फाटकावरच बजावलं होतं. त्याला ते बरंच वाटलं.

त्याच्या बायकोच्या आजारपणात सासूबाई नर्सची नोकरी सोडून त्याच्याकडे आल्या होत्या. ती गेली, त्यालाही दोन वर्षं होत आली. त्यांच्या परत जाण्याचा विषय कुणीच काढला नाही. शेजारणींना त्या सांगत, जावई दशमग्रह खरा, पण आमचा ग्रह गरीब आहे, फारसा पिडत नाही. आता हा ग्रह पुन्हा लग्न करणार होता. त्याच्या चष्म्याच्या दुकानाला लागून औषधांचं दुकान होतं, तिथल्या बाईशी. महिनाभर शब्द ओठांवर येऊन परत फिरत होते. बायकोला पाणथळीवर यायला आवडे, म्हणून त्याने आज सासूबाईंना इथे आणलं. वाटेत सांगू, असं त्याने ठरवलं होतं, पण वाट संपली तरी तोंडाचं कुलूप निघालं नाही.

लव्हाळ्यांत खसफस झाली. काळपट, ओलं डोकं पाण्यावर आलं. पाणमांजर. मागोमाग दोन पिल्लं. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. पिल्लांनी एका मासळीवरून झोंबाझोंबी केली आणि तिघंही गवतात दिसेनाशी झाली.

मनगट सोडून सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "परवा ती आली होती."

"कोण?"

"कोण काय? औषधवाली. नुसतीच बसून राहिली. मीच म्हटलं, बाई, आधी पाणी पी."

तो गळ्यातल्या दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"मी सांगणारच होतो, आई."

"ते दिसतच होतं. आठवडाभर आमटी अळणी की खारट, तेही तुम्हाला कळत नव्हतं."

"काय म्हणाली ती?"

"मी पुढेही घरात राहणार ना, एवढंच विचारत होती."

"मग?"

"म्हटलं, मला अजून कुणी राहा म्हणालेलं नाही."

त्या हे रागाने बोलल्या नव्हत्या. रुग्णाचा ताप सांगावा, तशा सरळ आवाजात बोलल्या होत्या. त्याने आठवून पाहिलं. खरंच, कुणी म्हणालं नव्हतं.

दार करकरलं. लहान मुलीला घेऊन एक जोडपं आत आलं आणि बोट ओठांवर ठेवून बाकाच्या टोकाला टेकलं.

"राहाल ना, आई?"

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. जोडप्याने वळून पाहिलं. सासूबाई पाण्याकडेच बघत होत्या.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या बाजूला सरकून त्यांनी मुलीसाठी जागा केली.