म्हैस नसलेली कादंबरी

कोंडीरामनं सत्तराव्या वर्षी अक्षरं गिरवली ती एका म्हशीपायी.

ईट गावच्या शिवारात खुरपायला जाणाऱ्या बायकांना दुपारी झाडाखाली रजियाबी एक कादंबरी वाचून दाखवायची. मोठी नावाजलेली, बक्षिसं मिळालेली. त्यांतलीच दगडाबाई सांजच्याला चुलीपुढं ती रोज थोडी थोडी नवऱ्याला, कोंडीरामला सांगायची. सासर सोडून निघालेली बाई, तिच्या मागं मोडक्या शिंगाची म्हैस, पुढं फुगलेली नदी. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, ही तिची अट. एका सांजेला दमलेल्या कोंडीरामला भाकरीवरच डुलकी लागली, हुंकार थांबला. "ऱ्हायलेलं उद्या," दगडाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि आठवड्यात ती गेली. बाई आणि म्हैस नदीच्या अलीकडंच राहिल्या.

मग तो साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसला. वर्षभरानं तालुक्याच्या गावी, वाशीच्या वाचनालयातून ती कादंबरी आणली आणि ओळीवर बोट ठेवून चार महिने वाचली. नायिका चौथ्या पानावरच एसटीत बसून शहरात गेली आणि उरलेली दोनशे पानं खिडकीतून बाहेर बघत राहिली. शेवटचं पान त्यानं दोनदा वाचलं. मग पुस्तक काखेत मारून रजियाबीच्या ओट्यावर गेला.

"भाबी, ह्याच्यात म्हैस न्हाय."

"कसली म्हैस?"

त्यानं सगळं सांगितलं. रजियाबी तोंडाला पदर लावून हसली, हसता हसता डोळे पुसू लागली.

"या अल्ला! भाऊ, म्या वाचाय लागले की दगडा पहिल्याच पानाला घोरायची. एक अक्षर ऐकलं न्हाय तिनं."

"मंग मला रोज सांगायची ते?"

"तुमी भाकर खाल्ली की पारावर पळायचा. 'गोष्ट लावली की मानूस घरी टिकतंय,' म्हणायची."

कोंडीरामनं काखेतलं पुस्तक काढून मांडीवर ठेवलं.

"मंग नदीपल्याड काय झालं, ते कुणाला ठावं?"

"तिलाच की."

घरी येऊन त्यानं पुस्तक परत द्यायच्या पिशवीत घातलं. ऊन कललं होतं. पारावरून कुणीतरी हाक मारली, "या की तात्या, डाव मांडलाय!" तो गेला नाही. चुलीपुढं आपल्या जागी पाट ओढून बसला, ताठ, डोळे उघडे ठेवून.

"हूं," तो म्हणाला.