कोणी वाचणार नाही

"रोज पंधरा मिनिटं, चार दिवस. मनात असेल ते लिहा. कोणी वाचणार नाही," असं सुप्रिया मॅडमनी वर्गात सांगितलं, तेव्हा निकितानं नाक मुरडलं. आई जाऊन आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात मन हलकं करायचे उपाय सांगणारे तिला ढिगानं भेटले होते.

पण पहिल्या दिवशी पेन टेकवलं आणि ते थांबेना. दुसऱ्या दिवशी तिनं आजवर मनातही न उच्चारलेलं वाक्य लिहून टाकलं. 'आप्पा, आईला तुमी मारलं. ती छाती धरून बसली होती आणि तुमी डाळिंबाचा टेम्पो भरत होता.' लिहून झाल्यावर कित्येक दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला. वह्या मॅडमच्या कपाटात जमा झाल्या.

चौथ्या दिवशी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आत तिचे वडील महिपती बसले होते. इंदापूरहून पहिल्या एसटीनं बारामतीला आलेले. समोर तिची वही उघडी होती.

"मला काळजी वाटली गं," मॅडम म्हणाल्या. "वडिलांशी एकदा बोललीस तर..."

"तुम्ही वाचली?"

मॅडमनी वही मिटायला हात पुढे केला. महिपतींनी वहीवर बोट आपटलं. "परक्या बाईम्होरं बापाला खुनी म्हणतीस व्हय?"

"मी दाखवली न्हाय. त्यांनी चोरून वाचली."

"तुझ्या आईनंच सांगितलं हुतं, माल भरू द्या, मग जाऊ."

"तेवढंच बरं ऐकलं तुमी. बाकी आयुष्यात तिचं काय ऐकलं होतं?"

महिपतींचा हात वर गेला. मॅडम धडपडत उठल्या. निकिता जागची हलली नाही. हात खाली आला.

"कॉलेज बंद. बॅग भर."

"न्हाय येत."

"मग पुन्यांदा घरी पाय ठिवू नगं," म्हणून ते दार आपटून निघून गेले.

निकिता मॅडमकडे वळली. "आता वर्गात चला. सगळ्यांना सांगा, वह्या वाचल्या म्हणून."

"माझा हेतू तसा नव्हता गं."

"हेतू तुमच्या वहीत लिहा. वर्गात चला."

मॅडम कपाटातला वह्यांचा गठ्ठा घेऊन वर्गात गेल्या. खाली बघत कसंबसं सांगितलं. आधी शिवम उठला, टेबलावरच्या गठ्ठ्यातून त्यानं आपली वही ओढून काढली आणि बाहेर पडला. मग एकेक करत सगळे. पाच मिनिटांत टेबल रिकामं.

उपक्रम तिथंच बंद पडला. दिवाळीला निकिता इंदापूरला गेली नाही, वडगाव निंबाळकरला मावशीकडे राहिली. बापलेकीचा एकमेकांना फोन नाही. ती रोज पंधरा मिनिटं सुट्या कागदांवर लिहिते आणि लिहून झालं की फाडून टाकते. कॉलेजच्या जिन्यात मॅडम समोर आल्या, तर ती बाजूला होत नाही. मॅडमच भिंतीकडे सरकतात.